न बिघडलेलं पोट

सोयीच्या आजारांचा मला लहानपणापासून राग आहे. पुण्याच्या आमच्या घरी कुणाकडे जायचं नसलं की कुणाला तरी कणकण यायची. कुणाच्या घरची आमटी घशाखाली उतरत नसली की पोट 'जरा जड' व्हायचं. आईचा त्यात हातखंडा होता. समोरच्याचं मन मोडायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं. "खरं तोंडावर फेकून काय मिळतं गं तुला?" असं ती मला विचारायची आणि मी तडकायचे. शाळेत इंग्रजी शिकवणारी बाई, मुलींच्या खोट्या सबबी बरोबर पकडणारी, आणि घरी स्वतःच नवी सबब काढून मोकळी!

मी जनावरांची डॉक्टर झाले तेव्हा आमच्या शाकाहारी घरात थोडी चुळबुळ झाली होती. पण गाई-म्हशी बऱ्या करणार म्हटल्यावर सगळे निवांत झाले. पुढे नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीमुळे आम्ही सिंगापूरला आलो. या एवढ्याशा देशात गाई-म्हशी कुठून आणायच्या? पशुवैद्यकाच्या एका संशोधन विभागात मला काम मिळालं, ते माशांच्या रोगांचं. तिथे येऊन पाचेक वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. क्वीन्सटाउनच्या जुन्या फ्लॅटमध्ये सकाळी देवापुढे दिवा लावायचा, डब्यात पोळी-भाजी भरायची आणि प्रयोगशाळेत जाऊन दिवसभर माशांची पोटं फाडायची, असं माझं चाललेलं असायचं. सहकारी हसायचे. चिरतेस पण खात नाहीस, ही कुठली रीत, म्हणायचे. त्या थट्टेला कंटाळून मी तो विषय काढणंच सोडून दिलं होतं. माझा डबा सगळ्यांना माहीतच आहे असं मी धरून चालले होते, कारण कुणी विचारत नव्हतं.

आमचा मासा सी-बास. म्हणजे आपल्या अलिबागकडचा जिताडा. उत्तरेकडच्या खाडीत पाण्यावर तराफे बांधून, त्यांना जाळी लटकवून लोक तो वाढवतात. त्याला एक वाईट रोग लागतो. अंगावरचे खवले गळतात, मासा सुस्त होऊन एका बाजूला कलतो आणि मग जाळंच्या जाळं रिकामं होत जातं. माणसाला त्याचा काही धोका नसतो, पण मासेवाल्याचं कंबरडं मोडतं. त्यावरच्या लशीवर आमचं काम चाललं होतं. बोटभर लांबीच्या पिल्लांना लवंगेच्या तेलाच्या पाण्यात गुंगी आणायची आणि एकेकाच्या पोटात सुई टोचायची. संध्याकाळी अंगाला लवंगेचा वास घेऊन घरी आले की आई विचारायची, "काय गं, मसालेभाताला गेली होतीस का कुठे?" ती त्या वर्षी काही महिने आमच्याकडे राहायला आली होती.

लशीची चाचणी जिच्या तराफ्यावर चालायची त्या बाईला सगळे आंटी म्हणत, म्हणून मीही म्हणायचे. साठीची, काटक, उन्हाने रापलेली चिनी बाई. नवरा गेल्यावर तिने एकटीने धंदा चालवला होता. आदल्या दोन हंगामांत या रोगाने तिची जाळी साफ केली होती. "या वेळी नाही जमलं तर परवाना परत करते आणि मुलीकडे जाऊन टीव्ही बघत बसते," असं ती तिच्या तुटक इंग्रजीत म्हणायची, आणि टीव्ही हा शब्द असा काही उच्चारायची की जणू ते स्मशानच आहे. त्या वर्षी लस टोचलेले मासे जगले. नुसते जगले नाहीत, चांगले गलेलठ्ठ झाले. चिनी नववर्षाच्या जेवणाला अख्खा मासा लागतोच, आणि एका मोठ्या रेस्टॉरंटच्या मालकाने तिचे जवळजवळ सगळे मासे सांगून ठेवले होते. मी तिच्या तराफ्यावर गेले की ती जाळीत हात घालून एखादा मासा मला दाखवायची. बाळाचं बाळसं दाखवावं तशी.

नववर्षाच्या थोडं आधी आमच्या विभागाचा वार्षिक दिवस असायचा. वर्षभरात कुठल्या रोगावर काय काम झालं ते ज्याने त्याने उभं राहून सांगायचं, निधी देणाऱ्यांनी मान हलवायची, आणि मग जेवण. त्या वर्षी मासेवाल्यांना आणि त्यांच्या गिऱ्हाइकांनाही बोलावलं होतं, घरचं एखादं माणूस आणलं तरी चालणार होतं. नवरा दौऱ्यावर होता, म्हणून आई आली. इरकल नेसून, गळ्यात मोत्यांची माळ घालून पहिल्या रांगेत बसली. माझं भाषण झाल्यावर तिने एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की आमचे प्रोफेसर, म्हणजे विभागप्रमुख, वळून हसले. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

जेवायला गोल टेबलं होती. माझ्या टेबलावर प्रोफेसर, निधी देणाऱ्या संस्थेच्या एक बाई, तो रेस्टॉरंटवाला मालक, आई आणि आंटी. आंटीने आपल्याच तराफ्यावरचा मासा आणून आचाऱ्याकडून वाफवून घेतला होता. भलं मोठं ताट तिने स्वतः आणलं, टेबलावर ठेवलं आणि माशाचं तोंड माझ्याकडे केलं. ज्याला मान द्यायचा त्याच्याकडे माशाचं तोंड करायचं, आणि त्याने पहिला घास घेतल्याशिवाय बाकीच्यांनी हात लावायचा नाही, ही तिथली पद्धत मला ऐकून माहीत होती. माझ्यावर कधी वेळ आली नव्हती. तिने चॉपस्टिकने गालाजवळचं मऊ मांस काढलं, सगळ्यात चांगला तुकडा, आणि माझ्या ताटलीत ठेवला. "डॉक्टर, तू आधी."

सगळे थांबले. मी तोंड उघडणार, सरळ सांगणार होते की आंटी, आम्ही घरचे सगळे शाकाहारी. पण माझ्या आधी आई बोलली. लाघवी हसून, शाळेतल्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "कृपा करून राग मानू नका. तिचं पोट फार बिघडलंय. दोन-तीन दिवस झाले."

देवा रे देवा! माशांच्या रोगांची बैठक, टेबलावर रोगातून वाचलेला मासा, मी त्याच माशांच्या पाण्यात हात बुडवणारी बाई, आणि माझ्या सख्ख्या आईने जाहीर करून टाकलं की हिचं पोट बिघडलंय. ती मालकाकडे बघून हसतच होती. मालकाने हातातल्या चॉपस्टिक हळूच खाली ठेवल्या. निधीवाल्या बाईंनी पाण्याचा ग्लास उचलला. चार लोकांत आईला खोटं पाडायचं कसं, या विचारात माझं तोंड मिटलं ते मिटलंच, आणि तेवढ्यात कुणीतरी आभाराचं भाषण सुरू केलं. त्या माशाला कुणीही हात लावला नाही. आंटीने शेवटी एकटीनेच थोडा खाल्ला.

बसमध्ये मी आईवर तुटून पडले. ती आधी गोंधळली, मग म्हणाली, "अगं, तिने इतक्या प्रेमाने आणलं होतं. आम्ही हे शिवत नाही असं तिच्या तोंडावर म्हणायचं? तिच्या पोटापाण्याचा धंदा तो." मी म्हटलं, "त्याच धंद्यावर तू पाणी ओतलंस." तिला पटलं नाही. पोट बिघडणं म्हणजे तिच्या लेखी नमस्काराइतकंच साधं होतं.

त्याच आठवड्यात मालकाने आंटीची ऑर्डर रद्द केली. मासेवाल्यांच्या फोनवर एक निरोप फिरत होता. लशीच्या माशांमुळे खुद्द माशांची डॉक्टर आजारी, तिची आईच म्हणाली. आंटीचा मला फोन आला तेव्हा ती होडीत होती, मागे इंजिन धडधडत होतं. ती ओरडून विचारत होती, तू बरी आहेस का, हॉस्पिटलात आहेस का? आधी माझी चौकशी केली तिने, हे मला अजून आठवतं. मी म्हटलं, "आंटी, मला काही झालेलं नाही. मी मासे खातच नाही." पुढचं सांगणार होते. पण त्याआधीच ती म्हणाली, "माशांची डॉक्टर मासे खात नाही?" आणि फोन ठेवला. नंतर उचललाच नाही. एवढी खरं बोलण्याची हौस मला, आणि माझ्या खऱ्याने आईच्या खोट्याहून जास्त वाट लावली.

प्रोफेसरांनी मला बोलावलं. त्यांना मी सगळं सांगितलं. ते डोकं धरून बसले. म्हणाले, आता हे सांगितलं तर सारवासारव वाटेल. आधी त्यांनी सुचवलं की डॉक्टरकडून पोट ठणठणीत असल्याचं सर्टिफिकेट आण. अहो, या देशात लोक आजारी असल्याचं सर्टिफिकेट आणतात, मी न झालेल्या जुलाबांचं कुठून आणू? मग त्यांनी मालकाशी बोलून दुसरा तोडगा काढला. मालकाने आपल्या रेस्टॉरंटमध्ये आणखी दोघा गिऱ्हाइकांना बोलवायचं आणि त्यांच्यासमोर मी आंटीचा मासा खायचा. "एकच घास," प्रोफेसर म्हणाले. "तू शास्त्रज्ञ आहेस. शेवटी प्रोटीनच आहे ते." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चाळीस वर्षं न खाल्लेली गोष्ट यांच्या लेखी नुसतं प्रोटीन! पण खाडीत ते मासे दिवसेंदिवस वाढत होते, नववर्ष तोंडावर आलं होतं, आणि एकदा नववर्ष टळलं की त्या आकाराचे एवढे मासे घेणार कोण? मी हो म्हटलं.

घरी आईला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. तव्यावरची पोळी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. मग गॅस बंद करून म्हणाली, "मी येते बरोबर." मी म्हटलं, "तू कशाला? झालं तेवढं पुरे नाही का?" बोलून गेले मी तसं. ती म्हणाली, "येते."

रेस्टॉरंट दुपारचं रिकामं होतं. मालक, त्याची दोन ओळखीची गिऱ्हाइकं, प्रोफेसर. आंटी टेबलाच्या टोकाला बसली होती, माझ्याकडे बघत नव्हती. वेटरने मासा आणला. आल्याचा आणि सोया सॉसचा वास आला. मालकाने स्वतः ताट फिरवून माशाचं तोंड माझ्याकडे केलं. त्यात मान नव्हता, परीक्षा होती. रोज याच माशाचं काळीज काचेखाली बघणारी मी, पण त्या पांढऱ्या डोळ्याकडे मला बघवेना. पोट खरंच बिघडेल की काय असं वाटायला लागलं. मी चमच्यात एक तुकडा घेतला आणि तोंडाजवळ नेला.

आईने माझं मनगट धरलं.

"ठेव," ती मला मराठीत म्हणाली. मग मालकाकडे वळून, वर्गात उभी असल्यासारखी ताठ, इंग्रजीत बोलली. "माझ्या मुलीचं पोट त्या दिवशी चांगलं होतं. मी खोटं बोलले. आम्ही शाकाहारी आहोत, पिढ्यान्‌पिढ्या. या बाईंना वाईट वाटू नये म्हणून मी तसं म्हटलं. चूक माझी आहे, तिने का खावं?" आणि माझ्या हातातला चमचा घेऊन तिने तो तुकडा तोंडात घातला.

मी "आई!" म्हणून ओरडले असेन. तिने डोळे मिटले होते. कडू औषध घ्यावं तशी तिने दोनदा मान मागे केली, गिळलं, पाणी प्यायली आणि पदराने तोंड पुसून पुन्हा ताठ बसली. बहात्तर वर्षांची माझी आई, जिने आयुष्यात अंड्याचा केकसुद्धा विचारल्याशिवाय खाल्ला नव्हता.

सगळ्यात आधी आंटी उठली. तिचा आवाज चिरकत होता. "शाकाहारी? देवासाठी शाकाहारी? मग का नाही सांगितलं? माझी आई जन्मभर शाकाहारी होती! मासेवाल्याच्या घरात राहून शाकाहारी! माझ्या घरात तिचं भांडं वेगळं होतं! मी तुला खायला घातलं असतं का?" ती माझ्यावर ओरडत होती, आईवर ओरडत होती, मग मालकावर चिनी भाषेत ओरडायला लागली. मालकाचा चेहरा पडला होता. त्याने ते ताट स्वतः उचललं आणि आत घेऊन गेला. परत आला तो आईसमोर उभा राहून त्याने दोन्ही हात जोडले, वाकला आणि काहीतरी पुटपुटला. आंटी म्हणाली, तो माफी मागतोय. एवढ्या वयाच्या बाईला व्रत मोडायला लावलं म्हणून. मग त्याने आईसाठी टोफू आणि चहा मागवला आणि आंटीला सांगितलं की सगळे मासे पाठव, ठरल्याप्रमाणे. मला खायला कुणी सांगितलंच नाही. मासा सुरक्षित आहे का, हाही प्रश्न कुणी परत विचारला नाही. म्हणजे सगळं नुसतं एका वाक्यात सांगता आलं असतं, स्वतःच्या आईमुळे आंटीला ते लगेच कळलं असतं, आणि आम्ही दोघी मायलेकी, एक खोटं बोलून आणि एक खरं बोलून, तेवढं सांगायला चुकलो.

घरी येताना आई खिडकीबाहेर बघत होती. घर जवळ आल्यावर म्हणाली, "आलं छान घातलं होतं." मला हसू आलं आणि रडूही. मी तिचा हात धरला. तो गार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर आईची आंघोळ झालेली होती, पण देवापुढे दिवा नव्हता. "आज तू लाव गं," ती म्हणाली. "गुडघे दुखतायत. मला खाली बसवत नाही." मी लावला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही मीच लावला. देव आमच्या स्वयंपाकघरात कट्ट्यावर होते, उभ्यानेच पूजा व्हायची, खाली बसायचा प्रश्नच नव्हता. आणि त्याच संध्याकाळी ती शेजारणीबरोबर ईस्ट कोस्टला समुद्राकाठी पार टोकापर्यंत चालून आली. मी काही बोलले नाही. माझ्यासारख्या फटकळ बाईला ते किती जड गेलं असेल ते माझं मलाच माहीत.

नववर्षाला आंटी आमच्याकडे आली, हातात संत्र्यांची पिशवी. मासे सगळे गेले होते. नव्या पिल्लांसाठी तिने जाळी धुवायला काढली होती. स्वयंपाकघरात देव दिसले तशी तिने हात जोडले आणि आईला आपल्या आईची गोष्ट सांगितली. एकदा कुणीतरी भाजीत फसवून कोळंबी घातली होती, तर म्हातारीने चूळ भरली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपल्या देवीच्या पूजेला बसली. "देवी असा हिशेब ठेवत नाही," आंटी म्हणाली. आई हसली, तिचा हात थोपटला, तिला घरचा चिवडा बांधून दिला. आंटी गेल्यावर मी काडेपेटी आईपुढे धरली. "लावतेस?" ती म्हणाली, "राहू दे. तुझ्या हातचाच छान लागतो."

आई पुण्याला परत गेली. पुढच्या वार्षिक दिवशी आमच्या विभागाच्या अहवालात एक ओळ होती. मासेवाले आणि विक्रेते यांचा लशीवरचा विश्वास संवादातून परत मिळवण्यात यश. प्रोफेसरांनी ती मोठ्या अक्षरांत पडद्यावर दाखवली आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या पडद्यावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. आंटीने मात्र मागच्या रांगेतून मोठ्याने विचारलं, "तुझी आई कशी आहे?"

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मला सुट्टी मिळाली. पुण्याच्या घरी सकाळी उठले तर देवघरात वहिनी बसली होती. आमच्या लहानपणापासून त्या पाटावर आईशिवाय कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून लसूण सोलत होती. तिथून देवघर दिसायचं. मी तिच्याकडे बघितलं, तिने मान वर केली नाही.

वहिनी वात सारखी करत म्हणाली, "अगं, आईंचे गुडघे बघ ना एकदा. तिकडून आल्यापासून पाटावर बसवतच नाही त्यांना. डॉक्टर म्हणतात काही नाही, पण यांना दुखतंच. तिकडे होता का हा त्रास?"

आईचे हात थांबले होते.

"हो तर," मी म्हटलं. "फार दुखायचे. तिकडेच सुरू झालं ते."